मागावर धोंडूच होता

मी एक जुना माग आहे, मित्रांनो, परळच्या एका गिरणीतला. माझा जन्म विलायतेत झाला. बोटीतून धक्क्यावर उतरलो तेव्हा हमालांनी माझ्या वजनाला मनसोक्त शिव्या घातल्या. पुढे मात्र कौतुक झाले. मिस्त्री रोज तेल घाली, आणि धोतर कसे विणावे हे दाखवायला विणकाम खात्याचे मास्तर माझ्याकडे बोट करीत.

माझा विणकर धोंडू, असे सगळे म्हणत. पण शेतीच्या दिवसांत धोंडू कोकणात जाई आणि त्याच्याच गावचा कुशाबा बदली म्हणून येई. त्याला कामगार भरती करणाऱ्या दौलत जॉबरने आणले होते. विणायचा कुशाबा, पण गिरणीच्या लेखी मागावर धोंडूच. हे मला कधी नीट उमगले नाही.

१८९४ साली कुशाबा विणत असताना धोटा फेकणारा माझा दांडा मोडला, धाग्याचा तो जड लाकडी धोटा उडाला आणि त्याच्या मनगटावर बसला. मिस्त्रीने जेवणाच्या सुट्टीआधी नवा दांडा बसवला. कुशाबाचा हात मात्र सुजला, मग चिघळला. गिरणीच्या डॉक्टरकडे जायला मास्तरांचा हुकूम लागे.

मास्तर म्हणाले, "या मागावर धोंडू आहे. हा माणूस आमचा नाही."

"आणला मीच," दौलत म्हणाला, "पण माग काय माझा आहे?"

दोन घरचा पाहुणा उपाशी, तसे झाले. मी गिरणीचा, कापडही गिरणीचे, मग मधला माणूस कोणाचा? मी पार गोंधळून गेलो. हात जाईल या भीतीने कुशाबाने गावी निरोप धाडला.

धोंडू शेत टाकून आला आणि कुशाबाला घेऊन मास्तरांपुढे उभा राहिला.

"सायब, मागावर धोंडूच होता ना?"

"होता."

"मग लागलं ता धोंडूलाच." त्याने कुशाबाचा सुजलेला हात पुढे केला. "ह्यो बघा धोंडूचा हात. आता डाक्तरकडे धाडा."

मास्तरांना स्वतःचाच शब्द गिळता येईना. त्यांनी हुकूम दिला.

हात वाचला, आणि धोंडू पुन्हा शेताकडे गेला. पण दवाखान्यात सगळे कुशाबाला धोंडू म्हणत, आणि तो निमूटपणे ओ देई. परत आल्यावर त्याने पहिले धोतर विणले. मास्तर म्हणाले, "धोंडूचा हात बरा बसला." मला फार वाईट वाटले.

आता मी कोपऱ्यात गंजतो आहे. मला तेल घाला, असे मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, ज्याच्याकडून काम करून घ्याल, त्याला त्याच्या नावाने हाक मारा. मास्तरांनी कुशाबाला तशी हाक कधीच मारली नाही. मी मारली असती, पण मला फक्त खडखडता येत होते.