चालू माल

गाडी जुनी झाली की तिचा मालक बहिरा होतो. शिलाई कारखान्यातल्या नऊ बायकांची ने-आण करणाऱ्या व्हॅनवाल्या भाऊंचं तेच झालं. पुढच्या डाव्या चाकातून पंधरा दिवस घुंऽऽ असा आवाज येत होता. भाऊंनी त्यावर रामबाण इलाज केला: रेडिओ मोठा लावला.

पण मागच्या सीटवर कारखान्यातल्या चेकिंगवाल्या मावशी बसायच्या. त्यांचा कान तीस वर्षं मशिनांत मुरलेला. वळणावर घरघर वाढते म्हणजे चाकाचं बेअरिंग गेलं, असं त्यांनी सुनावलं आणि सुट्टीच्या दिवशी भाऊंना घेऊन स्वतःच स्पेअर पार्टचं दुकान गाठलं.

भाऊंनी स्वस्तातलं मागितलं. दुकानदार म्हणाला, कंपनीचं परवडायचं नाही, चालू घ्या; पाव किमतीत काम होतंय. भाऊ खूश. गाडी वर्षभरात विकायचीच होती. रिटायर व्हायला आलेल्याला नवे जोडे कशाला, असं ते बोलून गेले. पुढच्या वर्षी रिटायर होणाऱ्या मावशींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

मग मावशींनी दुकानदाराने पुढे केलेली डबी उघडली. डबीवर नाव बड्या कंपनीचं, आतल्या बेअरिंगवर साधा नंबरही नाही. बिल मागितलं, तर चालू मालाचं बिल नसतं म्हणे.

"भाऊ, आमच्याकडचा खोट निघालेला, सेकंडचा सदरा उसवला तर घालणारा फार तर लाजेल," मावशी म्हणाल्या. "पुलाच्या उतारावर चाक निसटलं तर? तुझी बायकोही त्याच गाडीत असते रे."

"आजवर चाललंच ना, मावशी?"

"चालू म्हणजे चालेल, असं कुणी सांगितलं तुला?" मावशी दुकानदाराकडे वळल्या. "तुमच्या स्वतःच्या गाडीला कुठलं बसवलंत?"

दुकानदार गल्ल्यात उगाच काहीतरी शोधू लागला. मग स्टुलावर चढून त्याने वरच्या फळीवरची तिसरीच डबी काढली. माल नावाजलेल्या बेअरिंग कारखान्याचा. गाडीच्या कंपनीचा शिक्का नाही म्हणून किंमत निम्मी. वर्षाची गॅरंटी, पक्कं बिल.

"हे आधी का नाही दाखवलंत?" भाऊ तापले.

"तुम्ही स्वस्त मागितलंत. चांगलं कुठे मागितलंत?"

खरंच होतं ते! भाऊंनी चालू डबी परत सरकवली, मेकॅनिकने काढून दिलेल्या जुन्या बेअरिंगवरचा नंबर नव्याशी ताडून पाहिला, बिल घेतलं. मेकॅनिकला बजावलं, हातोडीने ठोकायचं नाही, प्रेसवर दाबून बसवायचं. आणि काम संपेपर्यंत तिथून हलले नाहीत.

सोमवारी व्हॅन सुरू करण्याआधी त्यांनी नऊ जणींना सांगून टाकलं, की आवाज मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होता. त्यावर त्यांच्या बायकोने सगळ्यांदेखत जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही, पण रास्त होतं.

वाचकहो, गाडी जुनी असणं हा गुन्हा नाही, खिसा लहान असणं तर नाहीच. पण स्वस्त वेगळं आणि परवडणारं वेगळं. परवडणारं शोधावं लागतं, विचारावं लागतं, त्यासाठी दुकानदाराला स्टुलावर चढवावं लागतं. आणि स्वस्ताची खरी किंमत बहुधा मागच्या सीटवरचा माणूस मोजतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं.