माठ कुणी रंगवला?

मी जन्मभर व्याकरण शिकवलं आणि अठरा वर्षं मुख्याध्यापकी केली. या दोन्ही कामांत माणसाला एक वाईट खोड लागते, दुसऱ्याची चूक आधी दिसते. माझी स्वतःची एक चूक मात्र औरंगाबादेतल्या कितीतरी मुलींना तोंडपाठ आहे. ती त्यांच्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका, म्हणजे तिखटमीठ तरी कमी लागेल.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं झाली होती. आमची मुलींची शाळा औरंगपुऱ्यात, सातवीपर्यंत. दर उन्हाळ्यात तपासणी व्हायची, आणि तपासणीची आमची एक रीत ठरलेली होती. आठ दिवस आधी चुना कालवायचा आणि भिंती, लिंबाचं खोड, वाटेकडेचे दगड, जे जे म्हणून हलत नाही ते रंगवून काढायचं. जे हलतं, म्हणजे मुली, त्यांना तेल लावून घट्ट वेण्या घालून यायला सांगायचं. मग साहेब यायचे, दगड पाहून खूश व्हायचे आणि चांगला शेरा देऊन जायचे.

त्या वर्षी प्रकरण जरा नाजूक होतं. जूनपासून भानुमतीबाईंना विज्ञान शिकवायला घेतलं होतं, तेही एका वर्षापुरतं. संस्थेची मंडळी म्हणत होती, पोरींना विज्ञान कशाला, शिवण पुरे. वाद वाढला तेव्हा असं ठरलं की इन्स्पेक्टरसाहेब काय शेरा देतात ते बघू. शेरा चांगला आला तर बाई कायम. नाहीतर विज्ञानाचा तास बंद, आणि बाईंनी आपल्या आईला, यमुनाबाईंना घेऊन पैठणला भावाच्या घरी परत जायचं. भावाकडे जायची वेळ येऊ नये म्हणून त्या दोघी किती नवस बोलल्या होत्या कोण जाणे. मला विज्ञानाचं फारसं कौतुक नव्हतं, पण बाईंचं होतं. त्यांच्या तासाला वर्गात काहीतरी सांडायचं, काहीतरी फुटायचं, आणि मुली घंटा झाली तरी बाहेर पडायच्या नाहीत. माझ्या तासाला घंटेआधीच दप्तरं भरून तयार असायची.

शनिवारी बाईंनी प्रयोग करून पाहिला. शाळेत थर्मामीटर एकच, तो कापसात गुंडाळून माझ्या कपाटात कुलूपबंद असे. मी स्वतः नेऊन दिला. तांब्याच्या कळशीतलं पाणी एकतीस अंश भरलं आणि व्हरांड्यातल्या माठातलं चोवीस. दोन्ही पाणी एकाच विहिरीचं, एकाच वेळी भरलेलं, एकाच सावलीत ठेवलेलं.

"हा सात अंशांचा फरक आला कुठून, एवढंच विचारणार आहे मी मुलींना," बाई म्हणाल्या. "मंगळवारी साहेबांपुढे एवढाच तास."

मी मान डोलावली, पण माझं लक्ष माठाकडे होतं. अंगावर पांढरे चट्टे, बुडाशी शेवाळ, आणि सगळा ओला. असला माठ इन्स्पेक्टरांपुढे ठेवायचा? मुलगी दाखवताना तिला मळक्या लुगड्यात कुणी पुढं आणतं का?

रविवार सुटीचा, सोमवारी रामनवमी. मी रविवारी सकाळीच कडूबाला बोलावलं. कडूबा आमचा शिपाई, मूळचा हर्सूलचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि बोलण्यात माझ्याहून पुष्कळ शहाणा. व्हरांड्यातले तिन्ही माठ रिकामे करून उन्हात वाळवायचे आणि दारं-खिडक्यांचा उरलेला हिरवा तेलरंग त्यांना बाहेरून द्यायचा, असं मी त्याला सांगितलं.

कडूबानं माठाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सर, माठाला कुणी रंग देतं व्हय?"

"तू दे."

"बरं," तो म्हणाला आणि कामाला लागला.

रंग झकास बसला. रामनवमीच्या दिवशी, पहिला हात वाळल्यावर, मी बारीक कुंचला घेऊन पांढऱ्या रंगात 'शुद्ध जल' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि खाली वेलबुट्टी काढली. चौथा एक माठ होता, गळ्याशी टवका गेलेला. तो काही रंगवण्याच्या लायकीचा नव्हता, म्हणून तो मागे सरपणाच्या खोपटाआड ठेवायला लावला. संध्याकाळी सगळे भरून घेतले. बाईंना काही कळवलं नाही. म्हटलं, आयत्या वेळी बघतील आणि खूश होतील.

मंगळवारी सकाळी शाळेत आल्याआल्या मी पेला भरून प्यायलो. पाणी कोमट.

"कडूबा, माठ उन्हात ठेवले होतेस का रे?"

"नाय सर, जागा तीच हाय."

"मग पाणी असं का?"

"आता मला काय ठावं? मी शिपाई मानूस," कडूबा म्हणाला आणि लिंबाकडे बघत राहिला.

उन्हाळ्यात विहीरही तापत असेल, अशी मी समजूत करून घेतली. पुढे पाहतो तर मुलींची रांग खोपटाच्या दिशेनं निघालेली, आणि परत येणारी प्रत्येक मुलगी तोंड पुसत येते आहे. सहावीतली द्वारका, हर्सूलहून पायी येणारी, शाळेतली सगळ्यात तोंडाळ मुलगी, तिला मी अडवलं.

"तिकडं काय आहे गं?"

"काय नाय सर!" म्हणून ती पळालीच. शिस्त बिघडत चालली आहे, एवढाच अर्थ मी त्यातून काढला.

इन्स्पेक्टर वैजनाथराव दहाला आले. उंच, मितभाषी, खिशाला दोन पेनं. त्यांनी रंगवलेल्या दगडांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. साडेदहाला सहावीच्या वर्गात आम्ही मागे खुर्च्या टाकून बसलो. बाईंनी कळशी आणि माठ आणायला सांगितलं. कडूबानं आधी कळशी आणली, मग तो हिरवागार माठ आणून टेबलावर ठेवला.

बाई माठाकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसून, छान झालाय ना, अशी मान हलवली. ती मान हलवल्याची मला आजही लाज वाटते.

बाईंनी थर्मामीटर कळशीत धरला. द्वारकेनं वाचलं, "एकतीस." मग माठात धरला. पहिल्या बाकावरची वच्छला पुढे आली, वाकली आणि पुन्हा एकदा वाकली.

"किती गं?"

"एकतीस, बाई."

"नीट बघ."

"एकतीसच हाय, बाई."

वैजनाथरावांनी खिशातलं एक पेन काढलं. पेन वहीवर टेकलं की पैठणची गाडी ठरली. बाईंचा चेहरा उतरला होता. त्यांनी पदर खोचला, खडू घेतला आणि एकदम हसल्या.

"मुलींनो, शनिवारी हाच माठ चोवीस अंश होता. कळशी तेव्हाही एकतीस, आजही एकतीस. म्हणजे बिनसलंय ते माठाचं. काय बिनसलं ते मी सांगणार नाही. तुम्ही शोधा."

मग जो गलका झाला! पाणी दुसरं असेल. कडूबानं दारातूनच सांगितलं, विहीर तीच. बाईंनी फळ्यावर 'पाणी' लिहिलं आणि त्यावर काट मारली. जागा बदलली असेल. तीही नाही, काट. हवा जास्त तापली असेल. मग कळशी का नाही तापली? काट. फळ्यावर काटच काट झाल्या, आणि टेबलाच्या कडेला उभी असलेली वच्छला हळूच म्हणाली, "बाई, रंग."

"रंगानं पाणी कसं तापेल?" वैजनाथरावांनी मागून विचारलं.

द्वारका उठली. "साहेब, ते तापलं नाय. ते गारच झालं नाय."

"तुला काय माहीत?"

"खोपटामागं फुटका माठ हाय, बिनरंगाचा. त्यातलं पाणी लई गार हाय. सकाळधरनं आमी समद्या तिथंच पितो."

वर्ग खो खो हसला. मी माझ्या जोड्यांकडे पाहत होतो. कडूबा न सांगता गेला आणि टवका गेलेला माठ लेकरासारखा कडेवर घेऊन आला. थर्मामीटर टाकला. चोवीस!

"आता दोन्ही माठांवरून हात फिरवा," बाई म्हणाल्या.

मुली एकेक करून आल्या. हिरवा माठ कोरडा ठणठणीत. फुटका माठ ओला.

"याला घाम आलाय बाई!" वच्छला ओरडली.

"बरोबर. मातीला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपून बाहेर येतं. आपल्याकडची हवा कोरडी, ती त्या पाण्याची वाफ करून नेते. पण वाफ व्हायला उष्णता लागते. ती कुठून येते? माठातल्याच पाण्यातून. वाफ जाताना ती उष्णता घेऊन जाते, म्हणून मागे राहिलेलं पाणी गार होतं. याला बाष्पीभवन म्हणतात. तेलरंगानं छिद्रं बुजली, माठाचा घाम बंद झाला. खोटं वाटत असेल तर तळहात ओला करा आणि फुंका."

चाळीस मुली तळहातावर फुंकू लागल्या. मी तिरक्या नजरेनं पाहिलं. वैजनाथरावांनी प्यायला दिलेल्या पेल्यात दोन बोटं बुडवून ती तळहाताला चोळली होती आणि वहीआड हळूच फुंकर घालत होते. मग त्यांनी रुमालानं हात पुसला आणि कोरड्या आवाजात विचारलं, "हे माठ रंगवले कुणी?"

कडूबा पुढे झाला. "रंग म्या दिला साहेब."

"त्यांचा दोष नाही," बाई लगेच म्हणाल्या. "प्रयोग माझा. सकाळी येऊन साहित्य पाहून घ्यायला हवं होतं. चूक माझीच आहे."

हे ऐकून मात्र मला स्वतःचाच संताप आला. ज्या बाईची नोकरी माझ्या हौसेपायी टांगणीला लागली, तीच माझी चूक आपल्या अंगावर घेत होती, आणि मी खुर्चीत बसून होतो. मी उठलो.

"साहेब, रंग मी द्यायला लावला. कडूबानं मला विचारलं होतं, माठाला कुणी रंग देतं का म्हणून. मी ऐकलं नाही. बाईंना यातलं काही माहीत नव्हतं."

"आणि ही वेलबुट्टी?"

"तीही माझीच."

द्वारका फिस्सकन हसली. तिच्यामागे वर्ग हसला, कडूबा हसला, बाईंनी तोंडाला पदर लावला. शेवटी मीही हसलो, दुसरं काय करणार?

वैजनाथराव गेल्यावर मी कार्यालयाचं दार लावून शेरेबुक उघडलं. त्यात लिहिलं होतं: 'विज्ञानाचा तास पाहिला. प्रयोग फसला. तो का फसला हे मुलींनी स्वतः शोधून काढले. असा तास मी क्वचितच पाहिला आहे. शिक्षिकेस कायम करावे.' आणि खाली वेगळ्या ओळीत: 'मुख्याध्यापकांनी माठ रंगवू नयेत.' मी ते तसंच उघडं पुस्तक घेऊन बाईंच्या वर्गाकडे अक्षरशः धावलो. बाईंनी वाचलं, आणि त्या तिथंच बाकावर बसून रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आईला सांगून येऊ का, सर?"

संस्थेनं नवे माठ आणले. जुन्यातला एक बाईंनी ठेवून घेतला. दर उन्हाळ्यात सहावीच्या वर्गात तो हिरवा माठ टेबलावर येई, मुली वाचत, एकतीस, बत्तीस, जे काय असेल ते, आणि शोधाशोध संपली की बाई एका मुलीला कार्यालयात पाठवत. "सर, बाईंनी बोलावलंय." मी जायचो, दारात उभा राहायचो. बाई विचारायच्या, "माठ कुणी रंगवला?" मी म्हणायचो, "मी." पहिल्या वर्षी मला राग आला होता. पुढे पुढे मी त्या दिवशी धुवट टोपी घालून यायला लागलो.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी मला कुणी बोलावलं नाही. जाता जाता सरांची थट्टा नको, असं बाईंना वाटलं असावं. कार्यालयात बसून मी कान देऊन ऐकत होतो. वच्छलेसारखीच कुणीतरी "रंग, बाई!" म्हणून ओरडली, फुंकरींचा आवाज आला, आणि मग बाई पुढचा धडा उघडायला सांगू लागल्या. मला राहवेना. मी टोपी नीट केली, व्हरांडा ओलांडला आणि वर्गाच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"बाई," मी म्हणालो, "माठ कुणी रंगवला ते विचारायचं राहिलं तुमचं."