एक तरी बाई

गावातल्या कितीतरी बायका सिस्टरला रस्त्यात ओळख दाखवत नसत, आणि ही सवय त्यांना सिस्टरनंच लावली होती.

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईखान्याच्या पलीकडे सात नंबरची खोली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी मोठ्या शहरातून डॉक्टर यायचे आणि ज्या बायकांना गर्भ ठेवायचा नसे, ठेवता येत नसे, त्यांचं तिथे रीतसर, स्वच्छ आणि कायद्यानं व्हायचं. बाकी सगळं सिस्टर बघायची. पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची, दोन तास नाडी बघायची, चहा आणि दोन बिस्किटं द्यायची. बाई निघाली की दारात थांबवून सांगायची, "बाहेर भेटलो तर मी तुला ओळखत नाही हं. तू आधी हसलीस तर मी हसेन. नाहीतर मी आपली दुकानांच्या पाट्या वाचत जाईन." बायका रडत असल्या तरी याला हसायच्या. बावीस वर्षांत आधी हसलेल्या बायका चार, आणि त्यातल्या एकीनं तिला दुसरीच कुणीतरी समजून हसून टाकलं होतं.

बावीस वर्षांत गावातल्या एकूण एक पाट्या तिच्या पाठ झाल्या होत्या. बेकरीच्या रांगेत मागे तिघी उभ्या असायच्या आणि तिघी छताकडे बघत असायच्या. सिस्टरला कोणाला केव्हा चक्कर आली होती, कोण आईला हाका मारत होती, सगळं आठवायचं, आणि ती पाव घेऊन निमूट घरी यायची. वाईट वाटायचं का? वाटायचं की. नियम स्वतःचा असला म्हणून तो टोचायचा थांबत नाही. शेकड्यांनी ओळखी आणि बोलायला माणूस एक, अशी तिची गत होती.

ते एक माणूस म्हणजे वन्सं. नवऱ्याची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका, वय सत्तरच्या पुढे, गुडघे गेलेले आणि आवाज अजून शाळेच्या मैदानावरचा. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून दर रविवारी सिस्टर वन्संकडे जेवायला जायची आणि नंतर दोघी पत्ते खेळायच्या. वन्सं आयुष्यात कुणाशी खोटं बोलल्या नव्हत्या. पत्त्यांत मात्र राजरोस लबाडी करायच्या आणि पकडलं की उलट सिस्टरलाच झापायच्या. सात नंबरबद्दल दोघींत एक शब्द निघत नसे. "तुझी ती खोली दाराबाहेर ठेवून ये," असं वन्संनी पहिल्याच रविवारी बजावलं होतं, आणि सिस्टरनं ते पाळलं होतं.

पण यंदा खोलीच दार ठोठावत आत आली. ती बंद करावी असा अर्ज रुग्णालयाच्या मंडळाकडे आला, खाली पुष्कळ सह्या. मंडळावर नऊ जण, त्यातल्या एक वन्सं. निम्मे सभासद त्यांचे विद्यार्थी. अजूनही आधी बाईंचा हात कुठे आहे ते बघायचे आणि मग आपला वर करायचे. म्हणजे वन्सं म्हणतील तेच होणार, हे शिपायालासुद्धा माहीत होतं. आणि खोली बंद झाली तर पुढचं ठिकाण बसनं पाच तासांवर, तिथेही तीन-तीन आठवडे नंबर लागत नाही. या कामात तीन आठवड्यांनी काय होतं ते सिस्टरला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या रविवारी तिनं पत्ते पिसता पिसता विषय काढलाच.

"वन्सं, तुमचा हात कुठे जाणार आहे?"

"कुठे जाणार ते तुला माहीत आहे." वन्संनी पत्ते खाली ठेवले. "हे बघ, मी काही दगड नाही. पण बाईला तोंड आहे, पाय आहेत, ती तुझ्या दारापर्यंत चालत येते. जे आत आहे त्याला काय आहे? त्याच्या बाजूनं कुणीतरी बोलायला नको?"

"बोला ना. मी कुठे नाही म्हणते?" सिस्टर म्हणाली, आणि ती खरंच म्हणत होती. त्या खोलीत काही घडतच नाही असं तिनं कधी मानलं नव्हतं. काही शुक्रवारी घरी आल्यावर ती तासभर दिवा न लावता बसायची. "पण खोली बंद केली म्हणून बायका थांबत नाहीत, वन्सं. दुसरीकडे जातात."

"कुठे?"

"कुणाच्या तरी मागच्या खोलीत. काय काय वापरतात ते जेवणानंतर नको."

"हे तू सांगतेस. डॉक्टर आकडे सांगतात. आकड्यांना मी काय प्रश्न विचारू?" वन्संचा आवाज मुख्याध्यापिकेचा झाला. "एक तरी बाई उभी राहू दे सभेत. तोंडानं सांगू दे की ही खोली नसल्यामुळे माझं काय झालं, किंवा असल्यामुळे काय वाचलं. एक बाई बोलली तर मी खोलीसाठी हात वर करेन. शब्द देते. नाही बोलली, तर ज्याची गरज कुणालाच तोंडानं सांगवत नाही, ते बंद झालेलं बरं."

सभेला तीन आठवडे होते. एक बाई! सिस्टरला वाटलं, यात काय अवघड? मग लक्षात आलं की सगळंच अवघड. वहीत नावं नव्हती, नंबर होते. तेही तिनंच हट्टानं करून घेतलेलं. चेहरे आठवत होते, पण कुणाच्या दारात जाऊन "तू आठवतेस का मला" म्हणायचं म्हणजे त्या दारात दिलेला शब्द गिळायचा. तरी ती एकदा औषधाच्या दुकानात गेली. दुकानदाराची बायको चार वर्षांपूर्वी सातमध्ये होती. मोठी धीराची, जाताना हात घट्ट धरलेली. काउंटरवर नवरा नव्हता. सिस्टरनं तोंड उघडलं, बाईनं पटकन "काय देऊ?" म्हणून बिलाची वही पुढे ओढली, आणि सिस्टर बँडेजची गुंडाळी घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पुन्हा बँडेज. रुग्णालयात फुकट मिळणारी वस्तू आठवडाभर विकत घेतल्यावर तिनं तो नाद सोडला.

सभा गुरुवारी दुपारी चारला होती. रुग्णालयाच्या सभागृहात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मंचावर पाण्याचे ग्लास झाकून ठेवलेले आणि हात लावला की शिट्टी मारणारा माइक. गर्दी चांगलीच झाली. सिस्टर मागच्या भिंतीला टेकून बसली आणि न मोजायचं ठरवूनही मोजून बसली: समोर सातमधून गेलेल्या अकरा जणी होत्या. कुणी नवऱ्याबरोबर, कुणी सासूबरोबर, एक तर अर्ज करणाऱ्यांच्या रांगेत.

अध्यक्षांची लाकडाची वखार होती. माणूस साधा, वाद नको म्हणून कुठलाही निर्णय ढकलणारा. त्यांनी अर्ज वाचला, डॉक्टरांचं पत्र वाचलं, आणि विचारलं, "कुणाला काही सांगायचंय? इथल्या कुणा... म्हणजे, कुणा बाईला?"

कुणी बोलेना. वन्सं मंचावरून सगळ्या खुर्च्यांवर नजर फिरवत होत्या, वर्गात प्रश्न टाकून थांबतात तशा. मग तिसऱ्या रांगेत औषधवाल्याची बायको उठली. बोल, बाई, बोल. बाईनं साडीचा पदर सारखा केला, खिडकीपाशी गेली, येणारं ऊन बंद करायला पडदा ओढला आणि परत येऊन नवऱ्याशेजारी बसली.

सिस्टरला असा राग आला की कानशिलं तापली. अकरा जणी! एकीच्या तोंडातून चकार शब्द निघू नये? हात धरून रडलात, माझ्या कपातला चहा प्यायलात, आणि आता मूग गिळून बसलात? पण राग फार वेळ टिकला नाही. गप्प राहायला शिकवलं कुणी? तिनंच. इतकं बेमालूम शिकवलं की आता खोलीला साक्षीदार उरला नव्हता. आणि बारावी बाई मागच्या भिंतीला टेकून बसली होती. तिनं तर एकोणचाळीस वर्षं स्वतःलाच ओळख दाखवली नव्हती.

नाही, हे नको, असं तिनं मनाशी स्पष्ट म्हटलं. दुसरी कुठलीही बाई बोलली असती तर तिचं काय गेलं असतं ते सिस्टरला माहीत नव्हतं. आपलं काय जाईल ते मात्र पक्कं माहीत होतं. तिला भीती वाटली, साधी भीती. वन्सं दुरावल्या की तिला कुणी उरणार नव्हतं.

"मग मतदान घेऊ या," अध्यक्ष म्हणाले.

"थांबा," सिस्टर म्हणाली आणि उभी राहिली.

"सिस्टर, तुम्ही कर्मचारी आहात. तुमचं म्हणणं पत्रात..."

"मी बाई म्हणून बोलतेय." माइक कुणी आणून दिला नाही, तिला लागलाही नाही. "मी एकोणीस वर्षांची होते. नर्सिंगला जायचं होतं. ज्याच्यामुळे दिवस गेले तो गाव सोडून गेला. तेव्हा अशी खोली कुठेच नव्हती. छत्र्या दुरुस्त करणारी एक बाई होती, दुकानामागे राहायची. तिच्या स्वयंपाकाच्या टेबलावर झालं. तिनं हात धुतले होते का, मला आठवत नाही. मी छताकडे बघत होते. तीन आठवडे ताप होता. घरच्यांना टायफॉइड सांगितला. जगले. पुढे शिकताना कळलं की आत जंतू पसरून दोन्ही नळ्या बंद झाल्यात. मला मूल होणार नव्हतं. लग्नाआधीच माहीत होतं मला."

ती थांबली. पुढचं वाक्य गाळलं असतं तरी चाललं असतं. मंडळाला तेवढं पुरलं असतं. पण वन्संनी एक पूर्ण बाई मागितली होती.

"नवऱ्याला सांगितलं नाही. त्यानं स्वतःची तपासणी करून घेतली. रिपोर्ट जेमतेम बरा आला, वाईट नव्हता, पण त्यानं धरून ठेवलं की दोष आपला. मी धरू दिलं. तो जाईपर्यंत."

वन्संनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला.

"तेव्हा ही खोली असती तर?" त्यांनी विचारलं. आवाज शाळेतलाच होता, फक्त बारीक झाला होता.

"तर संध्याकाळच्या आत चहा पिऊन घरी गेले असते."

"आणि पुढे मूल?"

"बहुतेक झालं असतं."

अध्यक्षांनी घसा साफ केला. खोली चालू ठेवावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत, असं ते म्हणाले आणि सवयीनं बाईंकडे बघत राहिले. वन्संचा हात टेबलावर होता. तो इतका वेळ तिथे राहिला की सिस्टरला वाटलं, झालं, खोलीही गेली आणि माणूसही. मग तो उचलला गेला आणि सरळ वर झाला. शेजारच्यांनी तो पाहिला आणि एकेक करत सहा हात वर झाले.

खुर्च्या सरकल्या, लोक निघाले. अकराच्या अकरा जणी सिस्टरच्या पुढून गेल्या, कुणी पर्समध्ये काहीतरी शोधत, कुणी नवऱ्याला काहीतरी दाखवत. शेवटी सभागृहात त्या दोघीच राहिल्या. वन्सं काठी घेऊन मंचाच्या कडेला उभ्या होत्या.

"रिपोर्ट आला त्या दिवशी तो माझ्याकडे आला होता," वन्सं म्हणाल्या. "माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडला. म्हणाला, ताई, माझ्यापायी तिची कूस रिकामी राहिली, तिला दुसरा कुणी मिळाला असता तर बरं झालं असतं. चाळिशीतला माणूस. तुला माहीत होतं?"

"रडला ते नव्हतं माहीत."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं होतं."

सिस्टरला माफी मागायची होती, पण ज्याची मागायची तो नव्हता, आणि वन्संकडे मागितली असती तर ती नुसती सुटका करून घेतल्यासारखी झाली असती. म्हणून तिनं ती मागितली नाही.

"शब्द दिला म्हणून हात वर नाही केला," वन्सं म्हणाल्या. "पटलं म्हणून केला. खोली हवी. उद्या कुणी बंद करायला निघालं तर मी भांडेन. हे तुला कळलं पाहिजे."

"कळलं, वन्सं."

"तू मात्र माझ्या घरी येऊ नकोस आता."

मंचाला तीन पायऱ्या होत्या. सिस्टरनं पुढे होऊन वन्संच्या कोपराखाली हात दिला. वन्संनी तो झिडकारला नाही. गुडघ्यांपुढे इलाज नव्हता. तीन पायऱ्या दोघी मिळून, एकेक थांबून उतरल्या. खाली आल्यावर वन्संनी हात सोडवून घेतला आणि काठी टेकत एकट्या फाटकाकडे निघाल्या. सिस्टर त्या वळेपर्यंत बघत राहिली. मग दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, म्हणून उपकरणं वाफेत घालायला धुलाईखान्याच्या बाजूनं आत गेली.