दुपट्याने पुसलेली गाडी

आमच्या जावयांना काहीच येत नाही, असं मी म्हणणार नाही. ते पूल बांधतात, आणि त्यांचे पूल अजून तरी उभे आहेत. पण गाडीच्या रंगावरचा जुना सीलंट उतरवणं हे त्यांचं काम नव्हे, हे मी गुरुवारी सकाळीच ओळखलं होतं. नुसतं ओळखलं असतं तर बरं झालं असतं. मी ते बोलूनही दाखवलं. दिवसातून चारदा.

गाडी आमच्या ह्यांची. हिरवी. पण नुसती हिरवी म्हणून भागत नाही, कारण तो हिरवा कुठल्याही डब्यात मिळत नाही. लेक जन्मली त्या वर्षी ह्यांनी पेंटरच्या शेडमध्ये अख्खी दुपार बसून तो कालवून घेतला. अजून थोडा काळा टाक, आता थेंबभर पिवळा, नाही, हा फार झाला, पुन्हा काळा. प्रमाण दोघांपैकी कोणीच लिहून ठेवलं नाही. मी संध्याकाळी बाळाला घेऊन बघायला गेले, तर खोल सावलीतल्या पानासारखा तो रंग ओला चमकत होता आणि ह्यांच्या नाकाला त्याचा ठिपका लागलेला होता. एकतीस वर्षं झाली. ठिपका कुठल्या बाजूला होता तेसुद्धा सांगेन. डाव्या.

माझ्या स्मरणशक्तीचं घरात कौतुक आहे. कौतुक म्हणजे, सगळे वैतागलेले आहेत.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेवढी वर्षं गाडी शेडमध्ये उभी होती. मी आठवड्याला तिच्यावरची धूळ झटकायचे, एवढंच. आता लेकीची बदली समुद्राकाठच्या गावी झाली आणि तिने जाहीर केलं, "बाबांची गाडी मी नेणार." मला बरं वाटलं, पण काळजीही लागली. खारा वारा पत्रा खातो. त्याच्या आधी रंग खातो. आणि हा रंग एकदा गेला की गेला, त्याला दुसरा जोड नाही.

म्हणून रविवारी निघायच्या आत गाडीवर नवा सीलंट चढवायचा ठरला. रंगावर तो पातळ थर असला की पाणी, मीठ, पाखरांची घाण, सगळं वरच्या वर राहतं. पण आधी जुना थर पुरता उतरवावा लागतो. जुन्यावर नवा दिला तर तो जुन्यालाच धरून बसतो, आणि जुना सुटला की दोघे हातात हात घालून सुटतात. हे वाक्य ह्यांचं. जुना उतरला की नाही हे कळायची खूणही ह्यांचीच. बॉनेटवर मगभर पाणी ओतायचं. पाण्याचे गोल थेंब उभे राहिले तर जुना अजून बसलेला आहे. पाणी चादरीसारखं सपाट पसरून सरकलं तर रंग उघडा झाला, आता नवा लावा.

गुरुवारी जावयांनी भांड्यांच्या साबणाने सुरुवात केली.

"जावईबापू, गाडी आहे ती. पातेलं नव्हे."

"आई, जुना थर काढायला कडक साबणच लागतो. मी वाचलंय."

"ह्यांनी कधी वाचलं नाही. ते करायचे."

त्यांनी बादलीत आणखी साबण ओतला. वाद टाळण्यात ते हुशार आहेत. त्यांनी गाडी घासली, धुतली, आणि पुसायच्या वेळी मी पुढे झाले. पुसायचं काम मी कोणाला देणार नव्हते. कपाटातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून मी दुपटं काढलं. लेकीचं तान्हेपणीचं फ्लॅनेलचं दुपटं, ज्याच्यावर एके काळी पिवळी बदकं होती. ती चालायला लागल्यावर ह्यांनी ते मागून घेतलं आणि तेव्हापासून गाडीसाठीच वापरलं. कधी धुऊ दिलं नाही. मी धुवायला घेतलं की ओढून घ्यायचे. "राहू दे, त्यात सगळं आहे," म्हणायचे. डब्याचं झाकण उघडलं की अजून त्यांचा वास यायचा. मेण, थोडं पेट्रोल, आणि हे.

मी सगळी गाडी दुपट्याने पुसली, हलक्या हाताने, गोल गोल, ते पुसायचे तशी. जावयांनी मगात पाणी भरून बॉनेटवर ओतलं.

थेंब. गोल, टपोरे, एकमेकांना न चिकटणारे.

"बघा," मी म्हटलं. "सांगितलं होतं."

शुक्रवारी त्यांनी दुकानातून खास जुना थर उतरवायचं द्रावण आणलं. हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं, दरवाजे, टप, डिकी, एकेक भाग करत गेले. पाठ धरली म्हणून मध्येच पायरीवर बसले. लेक चहा घेऊन आली तर मला म्हणाली, "आई, तू जरा आत बस ना. तू उभी असलीस की त्याचे हात थरथरतात."

"पूल बांधताना थरथरत नाहीत ना?"

"तिथे तू नसतेस."

मी आत गेले नाही. धुऊन झालं, मी दुपट्याने पुसलं, त्यांनी पाणी ओतलं. थेंब. पुन्हा द्रावण, पुन्हा धुणं, पुन्हा दुपटं. पुन्हा थेंब. जावयांनी हातातला मग जमिनीवर असा ठेवला की त्याचा कान तुटला. तो मग पंधरा वर्षांपूर्वीचा होता, कसा घेतला तेही मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "आई, प्लीज."

शनिवारी सकाळी त्यांनी पेंटरला बोलावलं. तोच पेंटर, ज्याने तो हिरवा कालवला होता. आता त्याचे केस पांढरे झालेत आणि गुडघे वाजतात, पण बोट अजून तसंच. त्याने डोळे मिटून दरवाजाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"वहिनी, साहेबांनी हिला अठ्ठावीस वर्षं पॉलिश केलंय. कडांना रंग पापुद्र्याएवढा उरलाय. द्रावणाने जुना थर हटत नाही म्हणता, तर मग मशीन लावून घासावा लागेल. मधला भाग निभावेल. कडांचं मी सांगू शकत नाही. खालच्या अस्तराचा राखाडी बाहेर येईल कदाचित."

"आणि आला तर? हाच रंग परत कालवता येईल?"

पेंटरने बोट कडेवरून उचललं. "तो साहेबांच्या डोळ्याने झाला होता. माझा फक्त डबा होता."

लेक गाडीच्या टपावर हात ठेवून उभी राहिली. जावई म्हणाले, "थर तसाच ठेवून नवा लावला तर तिकडच्या हवेत वर्षभरात सगळं सुटेल. मग रंगही जाईल. निदान मशीनने मधला तरी वाचतो." बरोबरच होतं ते. मला त्यांच्या बरोबर असण्याचाही राग आला. मी म्हटलं, "साध्या साबणाच्या कामाला तुम्ही इथवर आणून ठेवलंत," आणि तरातरा स्वयंपाकघरात निघून आले.

डोळे भरून आले होते. चष्मा काढला, दुपटं खांद्यावरच होतं, त्याच्या कोपऱ्याने काचा पुसल्या आणि चष्मा पुन्हा घातला. मग रागारागात नळ सोडला. त्याचं पाणी नेहमीसारखं उडालं आणि माझ्या तोंडावर आलं.

समोरची खिडकी, खिडकीबाहेरची गाडी, गाडीशेजारी वाकलेले जावई, सगळं गोल गोल थेंबांत दिसायला लागलं. मी चष्मा काढून बघितला. काचांवर थेंब उभे होते. टपोरे. एकमेकांना न चिकटणारे.

नळाखाली धरला. पाणी काचेवर टिकेचना. सरकायचं, आणि मागे मोत्यांसारखे दाणे राहायचे.

मला तेव्हा जे आठवलं ते आठवायला तीन दिवस लागायला नको होते. ह्याच खिडकीतून मी वर्षानुवर्षं ह्यांना बघितलं होतं. बादली, मग, साबण. पाणी ओतून वाकून बघायचे. मग नवा सीलंट. मग जेवायला यायचे. जेवून झोप काढायचे. आणि उन्हं उतरल्यावर, सगळ्यात शेवटी, डबीतलं मेण बोटावर घेऊन दुपट्याला लावायचे आणि गाडीवरून हात फिरवायचे. सगळ्यात शेवटी. मला दुपटं आठवत होतं, बदकं आठवत होती, त्यांच्या मनगटाचं वळण आठवत होतं. फक्त केव्हा, तेवढं मी गाळलं होतं. त्यात सगळं आहे, म्हणायचे. अहो, होतंच सगळं! सत्तावीस वर्षांचं मेण होतं. जावई घासून घासून उतरवत होते आणि मी मागून हलक्या हाताने, गोल गोल, परत चढवत होते.

खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो असा, की दुपटं डब्यात ठेवावं, डबा कपाटात ठेवावा आणि म्हणावं, "एकदा शेवटचं द्रावण लावून बघा, आणि ह्या वेळी पंचा घ्या पुसायला." पाणी सपाट पसरलं असतं. कोणाला काही कळलं नसतं. मी वर म्हणाले असते, "बघा, माझं ऐकलंत म्हणून."

तेवढ्यात बाहेर मशीन घरघरलं.

मी चष्मा न घालताच धावले. ह्या वयात धावणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. "बंद करा! आधी ते बंद करा!"

पेंटरने बटण दाबलं. मशीन दरवाजाच्या कडेपासून चार बोटांवर होतं.

"काय झालं, आई?" लेक म्हणाली.

मी चष्मा जावयांच्या हातात दिला. "ह्याच्यावर पाणी ओता."

त्यांना वाटलं असणार, सासूबाईंचं डोकं फिरलं. पण ओतलं. काचेवरचे थेंब बघितले. मग माझ्या खांद्यावरचं दुपटं बघितलं. मग पुन्हा थेंब. पूल बांधणारा माणूस, त्याला फार समजवावं लागलं नाही. ते बादली उपडी करून तिच्यावर बसले.

"आई," ते म्हणाले, "मी गुरुवारपासून साबणाला शिव्या घालतोय."

"मीही तुम्हाला घालत होते. मनातल्या मनात."

"मनातल्या मनात?" लेक म्हणाली.

पेंटर इतका हसला की त्याचे गुडघे वाजले. "वहिनी, साहेबांच्या फडक्याला मीसुद्धा हात लावायचो नाही. मला सांगून ठेवलं होतं, हे सगळ्यात शेवटी."

"मग कालपरवा येऊन सांगायचं होतंत!"

"मला बोलावलंच आज."

मी जावयांना म्हटलं, "चूक माझी. तुमचं काम गुरुवारीच झालं होतं." हे बोलायला मला मशीनपेक्षा जास्त जोर लागला. ते "असू दे" म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "चारदा, आई. दिवसातून चारदा." आणि उठून द्रावणाची बाटली घेतली.

नवे पंचे निघाले. पुन्हा द्रावण, पुन्हा धुणं, पुसणं जावयांनी केलं. मी हात मागे बांधून उभी राहिले आणि एक शब्द बोलले नाही, म्हणजे जवळजवळ नाही. मग कान तुटलेल्या मगाने लेकीने पाणी ओतलं. ते बॉनेटभर पसरलं, क्षणभर थांबलं आणि एकसंध सरकून खाली गेलं. एक थेंब उरला नाही. खाली तो हिरवा उघडा पडला होता, कडेपर्यंत, राखाडी कुठेच नाही. असा उघडा मी तो पेंटरच्या शेडमधल्या त्या संध्याकाळनंतर बघितलाच नव्हता.

नवा सीलंट लावून झाला, उन्हं उतरली, तेव्हा जावयांनी हात पुढे केला. "आता द्या दुपटं. आता त्याची वेळ."

ते चांगल्या मनाने म्हणाले. मला ठाऊक आहे. पण मी म्हटलं, "नको. तुमची गाडी आता. तुमचं फडकं तुम्ही शोधा."

रविवारी ते गेले. मी दुपटं डब्यात परत ठेवायला गेले आणि ठेवलं नाही. फाटकावर ह्यांच्या नावाची पितळी पाटी आहे, तीन वर्षांत काळवंडलेली. आधी ती चिंचेने घासली. साबणाने धुतली. साध्या पंच्याने पुसली. मग पाणी ओतून बघितलं, सपाट पसरलं. आणि मग, सगळ्यात शेवटी, दुपटं.

परवा लेकीचा फोन आला. तिकडे पाऊस आहे, गाडीवर पाणी टिकत नाही म्हणाली. मी विचारलं, धुवायला साबण कुठला वापरता? मागून जावई म्हणाले, "सांगू नकोस."

इथेही पाऊस आहे. पाटीवर थेंब उभे राहतात, टपोरे, आणि ओघळून जातात. फक्त पोस्टमन रोज पत्र टाकताना तिच्यावर अख्खा पंजा ठेवतो. त्याला मी दोनदा सांगून झालंय.