दोनशे चाळीस पावलं

ज्या दिवशी लातूर जिल्हा झाला, त्याच दिवशी मला कळलं की माझी बायको शिवगंगा गेली. पंधरा ऑगस्ट एकोणीसशे ब्याऐंशी, रविवार. मी मोजणी ऑफिसात साखळीवाला होतो, म्हणजे जमीन मोजताना लोखंडी साखळी ओढत पुढे जाणारा शिपाई. आदल्या आठवड्यात उस्मानाबादहून नकाशांची गाठोडी आली होती. त्या सकाळी मी शिडीवर चढून ऑफिसची नवी पाटी ठोकत होतो. खाली हेडक्लार्क येऊन उभे राहिले.

"महादेवप्पा, खाली उतर."

"एकच खिळा राहिलाय, साहेब."

"राहू दे. माहूरहून ट्रंक कॉल आलाय."

शिवगंगा श्रावणासाठी तिच्या धाकट्या बहिणीकडे, उमाबाईकडे, माहूरला गेली होती. सकाळी पाण्याची कळशी ओट्यावर ठेवली, छातीत दुखतंय म्हणाली आणि खाली बसली. पुन्हा उठली नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. बातमी सांगावी असं मला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी तसाच स्टँडवर गेलो.

लातूरहून नांदेड, नांदेडला पुढची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची. माहूरला पोचलो तोवर दुपार झाली होती. सगळं उरकलं होतं. त्यांचा इलाज नव्हता, मी दोष देत नाही. आमच्यात जाळत नाहीत. बसवून पुरतात, हातात इष्टलिंग देऊन, भोवती विभूती भरून. माहूरला लिंगायतांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांची जागा किल्ल्याच्या तटाखाली उतारावर आहे. साडू मन्मथप्पा मला तिथे घेऊन गेले. नवी माती, त्यावर दगडांचा ढीग. शेजारी जुने आठ ढीग होते. आजूबाजूला सगळं रान सारखंच.

मला रडू आलं नाही. मी पावलं मोजली. समोर तटाचा एक बुरूज होता, त्याच्या सांध्यातून पिंपळ उगवला होता. तो बुरूज आणि शिवगंगेची जागा यांच्यामधलं अंतर मी चालून मोजलं आणि एसटीच्या तिकिटामागे लिहिलं : पिंपळाचा बुरूज, २४० पावलं. ते मी का केलं, मला सांगता येणार नाही. तीस वर्षं मी तेच करत आलो होतो.

उमाबाई खाली पाणंदीला बायकांबरोबर उभी होती. घरी आल्यावर ती सगळ्यांसमोर बोलली, "माझी बहीण मातीत गेली आणि दाजी जमीन मोजून राहिले."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मीही माहूरला गेलो नाही. साडेतीन वर्षं गेली.

पंच्याऐंशी साली पाऊस झाला नाही. पुढल्या जानेवारीत मन्मथप्पांचं कार्ड आलं, वर आमच्यातला नमस्कार घालून. "शरणार्थ. तटाखाली दुष्काळी काम निघालं आहे. खडी फोडायला बाया-माणसं उतारावरचे दगड उचलून राहिले. आपल्या लोकांचे ढीग सगळे गेले. मी दोनदा जाऊन आलो, जागा ओळखू येत नाही. तुमच्याकडे तो कागद असेल तर घेऊन या. येत्या रविवारी केरबा गुरुजींची तटफेरी आहे, वीस-पंचवीस माणूस राहील."

कागद होता. शिवगंगेच्या कुंकवाच्या डबीत ठेवला होता. पण कागदावरची जागा खडीवाल्यांनी खणली असेल तर? हा एकच विचार नांदेडपासून माहूरपर्यंत माझ्याबरोबर होता. गाडीतून दिसणारी पैनगंगा म्हणजे नुसती वाळू आणि मधे डबकी.

केरबा गुरुजी माहूरच्या शाळेत मास्तर होते. दरवर्षी हिवाळ्यात ते गावातली माणसं गोळा करून किल्ल्याच्या तटाला बाहेरून फेरी घालत. पूजा नाही, नवस नाही. भिंत बघायची, दशम्या खायच्या, संध्याकाळी घरी. सकाळी सातला आम्ही हत्ती दरवाजाशी जमलो. बायका होत्या, दुकानदार होते, दोन मास्तर होते. उमाबाईही होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

गुरुजींनी नियम सांगितला. "उजवा हात भिंतीला. पुढचा बुरूज येईस्तोवर ज्याचा हात सुटला, त्यानं पाण्याचा कॅन वाहायचा."

"आणि काटे आले तर, गुरुजी?" सिद्धेश्वरने विचारलं. त्याचं देवीच्या पायऱ्यांवर बांगड्यांचं दुकान होतं आणि पोट त्याच्या पुढे चालत होतं.

"काटे आले तर काट्याला हात."

"मग मलाच द्या कॅन. आत्ताच."

सगळे हसले. उमाबाई कुणाकडे न बघता म्हणाली, "दाजींना द्या. त्यांचे हात मोकळेच असतात, मोजायला."

कुणी हसलं नाही. मी कॅन घेतला. साडेतीन वर्षांत ती पहिल्यांदा मला दाजी म्हणाली होती. मला तेवढंही बरं वाटलं.

तट मोठा आहे. डोंगराच्या कडेने वळतो, दरीत उतरतो, पुन्हा वर चढतो. काळे दगड, मधे चुना. कुठे भिंत पुरुषभर राहिली आहे, कुठे तिघांच्या उंचीची. दगड उन्हाला तापले नव्हते, हाताला गार लागत होते. सागाची पानं वाळून मोठमोठी पडली होती, पाय ठेवला की कडाकडा मोडत. सीताफळाची झाडं नुसत्या काड्या झाली होती. गुरुजी मधेच थांबून सांगत, हा दगड इथलाच, हा दुसरीकडून आणलेला. सिद्धेश्वर दर बुरजाशी विचारी, "दशम्या कोणत्या बुरजाला?" एका म्हाताऱ्या बाईचा हात सुटला तर तिच्या मागची बाई तिचा हात धरून परत भिंतीवर ठेवायची. कॅन मात्र माझ्याकडेच राहिला. कुणी घेऊ म्हणालं तरी मी दिला नाही.

साडेदहाच्या सुमाराला पिंपळाचा बुरूज आला. पिंपळ वाढला होता. खालच्या उतारावर खडीच्या कामाची माणसं दिसत होती. हातोड्यांचा आवाज वरपर्यंत येत होता.

मन्मथप्पांनी सगळ्यांना सांगितलं मी कशासाठी आलोय ते. मला वाटलं लोक बसतील, पाणी पितील. पण गुरुजी म्हणाले, "महादेवप्पा, आम्ही काय करायचं ते सांगा."

माझ्याकडे साखळी नव्हती, झेंडे नव्हते. सरळ रेषेत चालायचं तर मधे झेंडे लागतात, नाहीतर माणूस हळूहळू एका बाजूला सरकतो. त्या दिवशी मी बुरजाच्या पिंपळाच्या आणि खाली पाणंदीच्या वळणावर असलेल्या मोहाच्या झाडाच्या ओळीत चाललो होतो, एवढं मला आठवत होतं. मी म्हणालो, "मला माणसं उभी करावी लागतील."

"करा की."

मग मी बुरजापासून मोहाच्या दिशेने दर वीसेक पावलांवर एकेकाला उभं केलं. बारा माणसं लागली. सिद्धेश्वर म्हणाला, "मला चार माणसांचा झेंडा समजा, म्हणजे रेघ जाड येईल." मी एक डोळा मिटून ओळ बघितली आणि हाताने सांगत गेलो, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. कुणी कुरकुर केली नाही. बायका डोक्यावर पदर घेऊन उन्हात खांबासारख्या उभ्या राहिल्या.

मी बुरजाच्या पायाला टाच लावली आणि मोजत उतरलो. दोनशे चाळीस.

दोनशे चाळिसाव्या पावलाला माझ्यासमोर खड्डा होता. कमरेइतका खोल, मुरूम निघालेला, फोडलेल्या दगडांच्या कपच्या.

मी खड्ड्याच्या काठावर बसलो. मन्मथप्पा धावत आले. कामावरच्या बायांचे हातोडे थांबले. त्यांची मुकादम पुढे आली, धोंडाबाई. पन्नाशीची, हाताला चिंध्या गुंडाळलेल्या.

"काय झालं, बाबा?"

मन्मथप्पांनी सांगितलं.

"हिथं?" ती म्हणाली. "हिथं नव्हतं काई. हिथं निस्ता मुरूम होता. माणसाचं काई असतं तर म्या खंदू दिलं असतं व्हय?"

"कागदावर लिहिलंय, बाई," मी म्हणालो.

"कागदाचं मला नका सांगू. हातानं खंदलंय म्या."

तेवढ्यात उमाबाई ओळ सोडून खाली आली. माझ्यासमोर उभी राहिली. "दाजी, तुम्ही त्या दिवशी वरून खाली नव्हता आला. खालून वर गेला होता. अक्कापासून निघालात आणि तटाकडं तोंड करून गेलात. मी पाणंदीला होते. तुमची पाठ बघून राहिले होते सारा वेळ."

मला पटलं. चढाला पाऊल आखूड पडतं, उताराला लांब. साखळीत ही चूक होत नाही, कारण साखळी ताणून सपाट धरतात. आणि कुठून कुठे मोजलं ते मोजणीच्या वहीत साहेब लिहितात. मी आयुष्यभर साखळी ओढली, लिहिलं कधी नाही. तिकिटामागे मी फक्त आकडा लिहिला होता.

मी उठलो. खड्ड्यापासून परत वर बुरजापर्यंत चढाने मोजत गेलो. दोनशे अठ्ठ्याण्णव भरली. म्हणजे जागा खड्ड्याच्या वर अठ्ठावन्न पावलांवर. मी पुन्हा खाली खड्ड्याशी आलो आणि तिथून वर चढू लागलो. या वेळी उमाबाई माझ्या शेजारून चालली आणि मोठ्याने मोजू लागली. तिच्या मागे ओळीतल्या बायाही मोजू लागल्या. आमचा आकडा तटावर आपटून परत येत होता.

अठ्ठावन्नला आम्ही घाणेरीच्या झुडपात होतो. मन्मथप्पांनी विळ्याने झुडूप तोडलं. खाली दगडांचा एक थर, गोल, मातीत बसलेला. ढीग नव्हता, नुसता तळ.

धोंडाबाई मागून आली. बघितलं आणि म्हणाली, "ही जागा व्हय? हे म्याच ठिवलंय."

"म्हणजे?"

"वरचे दगड आम्हीच उचलले, खोटं कशाला बोलू. मंग खालच्या दगडाच्या बाजूला राखंचा गोळा निघाला, पांढरा. बायाला म्हणलं, आता हात लावू नका, हे कुणाचं तरी हाय. आन घाणेरी आडवी टाकली वर. ती तशीच रुजली बघ, पाण्यावाचून."

ती विभूती होती. उमाबाईने खाली वाकून हात लावला, बोटाला पांढरं लागलं ते कपाळाला लावलं. मग माझ्या कपाळाला लावलं. साडेतीन वर्षांचं सगळं तिने तेवढ्यात संपवलं. मला म्हणाली, "दाजी, त्या दिवशी तुम्ही मोजलं नसतं तर मी आज कुणाला विचारलं असतं?"

तेव्हा मला रडू आलं. माणसं बघत होती. मला लाज वाटली नाही.

ढीग पुन्हा करायचा तर दगड हवे होते. मोकळे दगड उतारावर राहिले नव्हते. तटाचे पडलेले दगड होते, पण गुरुजी म्हणाले, "भिंतीचा दगड नको, महादेवप्पा. तो भिंतीचाच राहू द्या." धोंडाबाईने ऐकलं. आपल्या बायांकडे वळून म्हणाली, "द्या गं आपल्यातले."

"आज खडीचं माप कमी भरंल, मावशे," एकजणी म्हणाली.

"भरू दे. उद्या वाढीव फोडू."

मी उभी केलेली माणसं उभीच होती, ती खड्डा आणि ती जागा यांच्यामधे हाताला हात पुरेल अशी जवळ सरकली. धोंडाबाईच्या बायांनी दगड पहिल्या माणसाच्या हातात दिला, त्याने वरच्याच्या, त्याने त्याच्या वरच्याच्या. सिद्धेश्वर दर दगडाला म्हणे, "हा हलका आहे, मोठा पाठवा," आणि मोठा आला की "आई गं" म्हणे. शेवटचा दगड उमाबाईने ठेवला. मग आम्ही सगळे तिथेच बसलो आणि दशम्या सोडल्या. खडीवाल्या बायांना बोलावलं, त्याही बसल्या. त्यांच्याकडे मिरचीचा ठेचा होता. शिवगंगेला माणसं जेवायला आली की बरं वाटायचं.

निघताना मी धोंडाबाईला हात जोडले. ती म्हणाली, "हात कशाला जोडता? म्या काय केलं? न्हाई खंदलं, येवढंच." पुढल्या आठवड्यात काम वर सरकणार होतं. चारी बाजूंनी दहा हात सोडीन, असं तिने सांगितलं आणि तिने ते सोडलं. नंतर मन्मथप्पांनी तसं कळवलं.

गुरुजींची फेरी त्या दिवशी अर्धीच झाली. कुणी तक्रार केली नाही. दुपारनंतर आम्ही परत हत्ती दरवाजाशी आलो, तेव्हा कॅन सिद्धेश्वरच्या खांद्यावर होता आणि उमाबाई घरी चला म्हणत होती. मी गेलो. तिने गरम भाकरी वाढली. मी दोन खाल्ल्या.

मला त्या लोकांचं फार वाटतं. मी त्यांचं काही लागत नव्हतो. त्यांनी मला कशाला मोजतोस म्हणून विचारलं नाही, मी सांगेन तिथे उभे राहिले. त्या बारा जणांची नावं मी नंतर मन्मथप्पांकडून विचारून लिहून घेतली. या वेळी नीट लिहिली, कोण कुठे उभा होता तेही.

शिवगंगेची जागा आता ठाऊक आहे. शेजारचे आठ ढीग गेले ते गेलेच. त्यांची मापं कुणी लिहिली नव्हती. मन्मथप्पांची आई त्यात आहे, आणि त्यांना ती डावीकडे की उजवीकडे हे सांगता येत नाही. त्या आठ जागा शोधायच्या राहिल्या आहेत.