एकाच फोटोचा नेम

"आज काय काढलंस?" लिंडसेने विचारलं, तेव्हा ग्लेनिसच्या पायांतले बूटही अजून निघाले नव्हते.

"खाडीवर काळे हंस आले होते," ती म्हणाली. "पाच-सहा असतील. पाण्यावर ऊन काय सुरेख पडलं होतं."

तो मान डोलवत खुर्चीत रेलला. ग्लेनिसने चहाला पाणी ठेवलं. खाडीकडे ती आज फिरकलीसुद्धा नव्हती. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभं राहून तिच्या कमरेचा काटा ढिला झाला होता. कधी घरी पोचते असं झालं होतं.

लिंडसेने जन्मभर नगरपालिकेचा ग्रेडर चालवला, ह्युऑनच्या खोऱ्यातले मातीचे रस्ते सपाट केले. निवृत्त झाला तेव्हा त्यांच्या मुलीने, टॅमसिनने, त्याला एक छोटा कॅमेरा दिला आणि त्याने नेम धरला, रोज एक फोटो. एकच. फोटो तरी कशाचे? गंजलेली टपालपेटी, शेजाऱ्याच्या दारातले चिखलाचे बूट, खड्ड्यात साचलेलं पाणी. संध्याकाळी तो ते कौतुकाने दाखवायचा आणि ग्लेनिस गाजरं चिरता चिरता "छान" म्हणायची.

मग त्याची नजर मधोमध विरत गेली. डॉक्टरांनी हात टेकले. उजेड-अंधार तेवढा कळायचा. त्याने कॅमेरा तिच्या हाती दिला आणि म्हणाला, आता तू काढ, मला सांग. सुरुवातीला तिने काढलेही. एके दिवशी विसरली आणि त्याचा चेहरा पडू नये म्हणून मनानेच एक फोटो रचून सांगितला. तो खुलला. दुसऱ्या दिवशी रचणं आणखी सोपं गेलं.

रविवारी टॅमसिन होबार्टहून आली. जेवणं झाल्यावर तिने सहज कॅमेरा उचलला आणि मागचे फोटो पाहू लागली.

"आई, यात ईस्टरनंतरचा एकही फोटो नाही गं."

ग्लेनिसच्या हातातली ताटं हातातच राहिली.

"माझ्या हातून पुसले गेले," लिंडसे शांतपणे म्हणाला. "चाचपडताना भलतंच बटण दाबलं. तुझ्या आईने माझी चांगली हजेरी घेतली त्यावर."

टॅमसिन हसली. तिची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ग्लेनिस नुसती भांडी विसळत राहिली. मग नळ बंद करून, त्याच्याकडे पाठ ठेवूनच तिने विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"बरेच दिवस. परवा हंस आले म्हणालीस ना, तेव्हा ओहोटी होती. तू दार उघडलंस आणि चिखलाचा वास आत आला. हंस काय चिखलात पोहणार?"

"मग बोलला का नाहीस?"

"दमून येतेस. आणि सांगत होतीस छान. पण ग्लेनिस, तुझ्या फोटोंत रोज ऊन. कुणाचं कुंपण मोडलेलं नाही, कुणाच्या दारात कचरा नाही. असलं गाव मला ठाऊक नाही. आपल्याच गल्लीत चुकल्यासारखं व्हायला लागलंय मला."

ती त्याच्याजवळ येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना सफरचंदांच्या बंद पडलेल्या गोदामापाशी तिने गाडी थांबवली. कशाचा फोटो काढावा ते कळेना. लिंडसे काय बघायचा इथे? थंडीत कोट आवळून ती बराच वेळ उभी राहिली. तेव्हा कुठे तिला कुंपणाच्या खांबावर अडकवलेला लहान मुलाचा लोकरी हातमोजा दिसला. ओलाचिंब. एकटाच.

संध्याकाळी ती अडखळत सांगू लागली. लिंडसे पुढे झुकला. कुठल्या हाताचा? डाव्या. रंग? निळा, पण अंगठ्याला दुसऱ्याच लोकरीचा रफू. मग आजीने केला असेल, तो म्हणाला, आई असती तर नवा आणला असता. दोघं हसली. पोराला आज घरी बोलणी बसली असणार, यावर त्यांचं एकमत झालं. चहा निवून गेला.

हिवाळा असाच सरला. गळकी पन्हाळ, दुकानदाराने चुकीचा लिहिलेला फलक, रस्त्यात मरून पडलेलं मांजराएवढं रानटी पोसम, जे दिसेल ते ती घरी आणू लागली. काही दिवस वाईट जात. फोटो हलायचा किंवा तिला बोलायचाच कंटाळा यायचा. "आज काही नाही," ती सरळ सांगायची. तोही बरं म्हणायचा.

वसंतातल्या एका सुट्टीच्या सकाळी लिंडसे मागच्या पायरीवर बसला होता. त्याला कॅमेऱ्याचं बटण दाबल्याचा आवाज आला.

"आजचा झाला," ग्लेनिस म्हणाली.

"इतक्यात? कशाचा?"

"एक म्हातारा पायरीवर बसलाय. दाढी केलीय, पण हनुवटीखाली थोडी राहिलीय. कानाची पाळ उन्हाने लाल दिसतेय."

"आणि?"

ग्लेनिसने कॅमेरा खाली घेतला आणि त्याच्याकडेच पाहिलं. किती वर्षांत तिने त्याला असं निरखलं नव्हतं.

"शर्टाचं बटण एक घर चुकलंय," ती म्हणाली.

त्याची बोटं छातीवर चाचपडत चुकलेल्या बटणापाशी पोचली आणि ते काढू लागली.

"असू दे," ती म्हणाली. "फोटोत तसंच आहे."

त्याने हात तिथेच ठेवला.