जावयाचे तोंड

सुटलेल्या उंटिणीच्या मागे तीन दिवसांपूर्वी गेलेला जावई तागेशाला सापडला तो भर दुपारी, एका वठलेल्या बाभळीखाली. घुमुर जिवंत होता. डोक्यातोंडाभोवती गुंडाळलेल्या निळ्या कापडातून फक्त डोळे दिसत होते, तेही धड उघडत नव्हते. घरी तिच्या लेकीला आठवा महिना होता.

ते कापड तो सासूसमोर कधीच खाली करीत नसे. सहाराच्या वाळवंटातल्या तुआरेग पुरुषाने सासूला ओठ दाखवायचे म्हणजे मेल्याहून मेल्यासारखे. तीही त्याच्यासमोर काही खात-पीत नसे. सात वर्षांत दोघे थेट बोललेही नव्हते. त्याला काही सांगायचे असले की तागेशा गाढवाशी बोलायची.

"सांग रे त्यांना," ती गाढवाला म्हणाली, "एक पिशवी इथे ठेवतेय. घोट घोट घ्या म्हणावं. घटाघटा प्यालात तर इथेच आडवे व्हाल. झालं की खोका."

पाण्याची कातडी पिशवी त्याच्या हाताशी ठेवून ती रीतीप्रमाणे टेकाडामागे जाऊन बसली. खोकला ऐकू येईना. एकदा उठली, पुन्हा बसली. तो पीत असेल आणि आपण मध्येच गेलो तर? सावली वीतभर सरकली, तेव्हा मात्र तिला राहवेना.

ती धावली. पिशवी कलंडली होती, वाळू ओली होती. त्याच्या हातांना ती पेललीच नव्हती, आणि कापड होते तसेच नाकावर. तागेशाने स्वतःलाच शिवी हासडली. आता उरली ती तिच्या परतीची पिशवी, अर्धी.

ती त्याच्याजवळ गुडघे टेकून बसली. त्याने कापड आणखी वर ओढले.

"हात काढा." या वेळी ती गाढवाशी बोलली नाही.

त्याने मान हलवली.

"लाज मलाही आहे. पण पोरीला काय सांगू? रीत पाळली आणि नवरा पुरून आले?"

तो हात काढीना. तिने तो धरून बाजूला केला आणि कापड हनुवटीखाली खेचले. घुमुरने डोळे गच्च मिटून घेतले. तिला मिटता येईनात, घोट मोजायचे होते. ओठ फुटून काळे पडले होते. आधी ओले बोट, मग थेंब, मग घोट. मध्ये थांबणे. पहिला घोट बाहेर आला. दुसराही. तिसरा गळ्याखाली उतरला, तेव्हा तिने श्वास सोडला.

ऊन कलल्यावर त्याने पिशवी स्वतः धरली, दोन घोट घेतले आणि कापड वर केले.

"सांग रे, संपवा म्हणावं," ती गाढवाला म्हणाली.

घुमुरने पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. हातांवर रेटा देत, धापा टाकत तो कसाबसा बाभळीकडे तोंड करून बसला.

"आल्यापासून तुम्ही थेंब घेतला नाही," तो म्हणाला. गाढवाला नव्हे, तिला. "प्या. मी पाठ फिरवलीय."

तागेशाने पिशवी तोंडाला लावली, पण रडू असे दाटून आले की पहिला घोट घशाखाली उतरेचना. त्याने वळून पाहिले नाही.